खांब चार, दारं तीन

घर बांधताना : लेखांक ९

गेल्या आठवड्यात जोतं घालून झालं. २६ जुलै २००५ ला कल्याणच्या सखल वस्त्यांत पाणी कुठवर चढलं होतं ते आठवून आपण ते तीन फूट उचललं. आता त्यावर काय उभं राहणार, हा घरातला वाद सुरू होतो आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात तो बहुतेक वेळा खांबांपाशी येऊन थांबतो. पुढे चार गोल खांब, मधे मोठं दार, वर त्रिकोण. आणि मागे, वर, दोन-तीन भाड्याचे ब्लॉक.

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावांत किंवा घोडबंदर रोडच्या जुन्या गावठाणांत असे बंगले भरपूर दिसतील. ज्या आगरी-कोळी घरांनी पिढ्यानपिढ्या भात लावला, त्यांच्यापैकी कित्येकांनी जमिनीला भाव आल्यावर आधी चाळ बांधली, मग बंगला. गेटवर दोन सिंह, गच्चीला बाटलीच्या आकाराचा कठडा. शहरी माणूस त्याला हसतो आणि रविवारी हिरानंदानी इस्टेटमध्ये फ्लॅट बघायला जातो. तिथेही तेच खांब, त्याच कमानी, फक्त उंच टॉवरवर ताणलेल्या. मला विचाराल तर गावातला बंगला मूळ कल्पनेच्या जास्त जवळ आहे. तिथला माणूस निदान त्या खांबांमधून घरात शिरतो.

ही निओक्लासिकल शैली, म्हणजे ग्रीक-रोमन देवळांच्या मांडणीची अठराव्या शतकात झालेली उजळणी. आपल्याकडे ती इंग्रजांबरोबर आली. १८३३ मध्ये पूर्ण झालेला मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक लायब्ररी, हा तिचा सगळ्यात जवळचा आणि फुकट बघता येणारा नमुना. एकदा फोर्टात उतराल तेव्हा समोरच्या पायऱ्यांवर बसून त्या डोरिक खांबांची जाडी बघा. नक्षी नंतर, आधी जाडी.

कारण या शैलीत खांबाची उंची आणि जाडी यांचं नातं ठरलेलं आहे. व्हिन्योला या इटालियन वास्तुकाराने १५६२ च्या आपल्या ग्रंथात ते आकड्यांत बसवलं: टस्कन खांबाची उंची जाडीच्या ७ पट, डोरिक ८, आयोनिक ९, कॉरिंथियन १०. म्हणजे पोर्चमधला १० फुटी डोरिक खांब १५ इंच जाड हवा. दोन मजले सलग उचललेला २० फुटी खांब डोरिक असेल तर ३० इंच, अगदी सडपातळ कॉरिंथियन घेतला तरी २४. प्रत्यक्षात काय होतं? २० फुटांना १२ इंचाचा खांब उभा राहतो आणि घर चार अगरबत्त्यांवर तोलल्यासारखं दिसतं. पैसे वाचवायचे असतील तर खांब एकाच मजल्याचे ठेवा.

आतला आरसीसी कॉलम वेगळा आणि दिसणारा खांब वेगळा, हेही सुरुवातीलाच इंजिनिअरशी बोलून घ्या. पूर्वी ९ इंची कॉलम सर्रास टाकत. भूकंपरोधक बांधकामाच्या २०१६ च्या भारतीय मानकात कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर, म्हणजे १२ इंच आहे. त्याभोवती गोल आवरण चढवायचं तर खांब आपोआप योग्य जाडीकडे जातो. स्वस्तात पडतं म्हणून थर्माकोलच्या तयार मोल्डिंगचं आवरण लावतात. लांबून छान दिसतं. मग कुणीतरी त्यावर एसीचा ब्रॅकेट ठोकतो.

कॉर्निसबद्दल एकच सांगतो. खांबांवरून पुढे आलेली ती पट्टी म्हणजे आपला छज्जाच. तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन इंचांवर, अर्ध्या इंचाची खोबण ठेवायला गवंड्याला सांगा. पाणी तिथे तुटून खाली पडतं. खोबण नसेल तर ते भिंतीवरून ओघळतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तुमच्या पांढऱ्या ग्रीक देवळाला काळ्या मिशा फुटतात.

आता अवघड भाग. या शैलीला दर्शनी भागात एकच दार हवं, मधोमध. भाड्याच्या घरांना प्रत्येकी एक. तीन बिऱ्हाडांची तीन दारं खांबांमध्ये ओळीने मांडली की बंगल्याची चाळ होते. चाळीत वाईट काहीच नाही, पण मग खांबांवर खर्च कशाला?

हा पेच आपल्यालाच पडलेला नाही. इंग्लंडमध्ये बाथ नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. हंगामात तिथे पाहुण्यांची रीघ लागे आणि घरं भाड्याने जात. तिथे धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात रॉयल क्रेसेंट ही अर्धचंद्राकार रांग उभारली. समोरून एकच राजवाडा, ११४ आयोनिक खांब. मागे ३० स्वतंत्र घरं. दर्शनी भिंत सगळ्यांना सारखी, मागची बाजू ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधलेली. रस्त्यावरून शिस्त, परसात मोकळीक. आपल्या ४० फुटी प्लॉटला एवढंच उचलायचं आहे.

समजा बाजूची मोकळी जागा सोडून बांधकामाला ३० फूट रुंदी उरली. चार खांब, तीन गाळे, मधल्या गाळ्यात मालकाचं दार. भाडेकरूंची दोन दारं बाजूच्या बोळातून. म्हणून माझा हट्ट असतो, आधी भाडेकरूंचा जिना काढा, खांब नंतर. तो जिना पोर्चमध्ये उतरता कामा नये आणि तुमच्या हॉलमधून तर नाहीच नाही. डोंबिवलीच्या जुन्या दुमजली घरांत मालक खाली, बिऱ्हाडं वर आणि जिना ओटीवरून असे. वरच्यांच्या घरी कोण आलं-गेलं ते खालच्यांना पाठ. माणुसकी होती, भांडणंही होती. जिना गच्चीपर्यंत न्या. टाकी, वाळवणं, आकाशकंदील, गच्चीवर सगळ्यांचं काम असतं.

वरच्या ब्लॉकची मोरी तुमच्या मोरीवरच यायला हवी, म्हणजे पाइप एका रेषेत राहतात. ती देवघरावर आली तर गळतीचं भांडण सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत पोचेल. वीजमीटर प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा घ्या. महावितरणचा घरगुती दर १००, ३००, ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. तिघांचं मिळून एकच मीटर असलं की सगळे महागड्या टप्प्यात जातात. मीटरची पेटी बोळात, खांबाशेजारी नको. कपडे वाळत घालायला मागे जागा दिली नाहीत तर त्या उभ्या, देखण्या खिडक्यांना जाळीचे पिंजरे लागतील. दोष भाडेकरूचा नसेल.

भाड्याची धास्ती मात्र जुनी आहे. १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांचं प्रमाणित भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं. मालकांनी डागडुजी सोडली, लोकांनी भाड्यासाठी बांधणंच सोडलं. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तेव्हा 'ओळखीचा आहे, कागद कशाला' असं म्हणू नका.

शेवटी नकाशात एक गोष्ट वाढवा. तुमचा भाग आणि भाडेकरूंचा जिना यांच्यामधल्या भिंतीत आजच एक लिंटेल टाका आणि त्याखालची जागा साध्या विटांनी बुजवा. मुलाचं लग्न झालं, किंवा तुम्हालाच जिना चढवेनासा झाला आणि खालच्या-वरच्या खोल्यांची अदलाबदल करायची वेळ आली, तर तिथे दार फोडता येईल. नकाशावर ती जागा लाल पेनने दाखवून एक प्रत कपाटात ठेवा. तेव्हा जो गवंडी येईल तो सगळ्यात आधी हेच विचारणार, ठोकू कुठे?