हाडांच्या घनतेचा आकडा आणि त्यातील पासंग

जुन्या पेढ्यांवर माल तोलण्यापूर्वी रिकामा तराजू उचलून पाहण्याची रीत होती. पारडी समतोल नसतील तर आधी पासंग काढला जाई, मगच वजन होई. आज वैद्यकीय यंत्रे शरीराच्या आतील चित्राबरोबर आकडेही देतात आणि त्या आकड्यांवर उपचार ठरतात. तेव्हा तीच दक्षता येथेही हवी.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी अनेक कुटुंबांना परिचित आहे. दोन भिन्न ऊर्जांच्या क्ष-किरणांच्या साहाय्याने हे यंत्र दर चौरस सेंटीमीटरमागे हाडातील खनिज किती ग्रॅम आहे, ते सांगते.

समजा, एका आजींच्या मणक्यांची घनता गेल्या वर्षी ०.८४० होती आणि यंदा ०.८१५ आली. घट सुमारे ३ टक्के. घरातील मंडळी धास्तावतात. औषध निष्फळ ठरले असे त्यांना वाटते. परंतु त्याच आजींना तपासणीच्या टेबलावरून उठवून, पुन्हा निजवून, लगेच मोजले तरी आकडा किंचित निराळा येतो. निजण्याची ठेवण थोडी बदलते, तंत्रज्ञाने आखलेल्या सीमा थोड्या सरकतात.

म्हणून प्रत्येक केंद्राने स्वतःची चूक आधी मोजावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ३० व्यक्तींची प्रत्येकी दोनदा किंवा १५ व्यक्तींची प्रत्येकी तीनदा तपासणी करून मापनातील चढउतार काढला जातो. त्याला २.७७ ने गुणले की ‘किमान अर्थपूर्ण बदल’ मिळतो. तुलनेतील दोन्ही मोजमापांत चूक संभवते आणि निष्कर्षात ९५ टक्के खात्री हवी असते, म्हणून हा गुणक. मणक्याच्या मापनात ही चूक १.९ टक्क्यांहून अधिक नसावी, असा दंडक आहे. त्या मर्यादेवरील केंद्रात ५.३ टक्क्यांहून लहान फरक खरा बदल म्हणता येत नाही. आजींची ३ टक्के घट तेथे काहीच सिद्ध करत नाही. मात्र ज्या केंद्राची चूक १ टक्काच आहे, तेथे हीच घट दखल घेण्याजोगी ठरते.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडांची वाढ होते. तीही यंत्र घनतेतच मोजते. असा आकडा पुनःपुन्हा तोच आला, तरी मणक्याची खरी बळकटी तो सांगत नाही. तोच आकडा पुन्हा येणे आणि आकडा बरोबर असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. अशा वेळी खुब्याच्या हाडाचे माप अधिक विश्वसनीय ठरते. निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांवरील आकड्यांची थेट तुलनाही करता येत नाही.

म्हणून पुढील तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावी, जुना अहवाल सोबत न्यावा आणि ‘आपल्याकडील किमान अर्थपूर्ण बदल किती?’ असे नम्रपणे विचारावे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत आकड्याला भिऊन औषध बंद करू नये, आणि आकडा वाढला म्हणून निर्धास्तही होऊ नये. निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.