घरी शिकवलं म्हणून पोलीस येत नाहीत

मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंय, असं कुणी चारचौघांत म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘पण ते तर बेकायदेशीर आहे ना?’ सूर प्रश्नाचा असतो, पण विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं. मग एक जण ‘आरटीई’चं नाव घेतो, दुसरा एक लाख रुपये दंडाचं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर आईबापांना थेट तुरुंगात धाडून लोक मोकळे होतात. यांतल्या कुणीही तो कायदा उघडलेला नसतो. तो काही पोथीएवढा नाही. चहा संपेपर्यंत त्यातली कामाची कलमं वाचून होतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, हे त्याचं पूर्ण नाव. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या मुळाशी २००२ची ८६वी घटनादुरुस्ती आहे. तिने घटनेत कलम २१-अ आणलं आणि ६ ते १४ वयाच्या मुलामुलींना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. कायद्याच्या नावातच ‘सक्ती’ आहे म्हटल्यावर ती आईबापांवरच असणार, असं लोक धरून चालतात. पण कलम ८ सांगतं की ही सक्ती सरकारवर आहे. जवळपास शाळा असणं, प्रत्येक मुलाला प्रवेश मिळणं, त्याची हजेरी लागणं आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होणं, हे सगळं पाहण्याला कायदा सक्तीचं शिक्षण म्हणतो, आणि ते पाहायचं आहे सरकारने.

पालकांच्या वाट्याला कलम १० येतं. आपल्या पाल्याला जवळच्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य आहे, असं ते म्हणतं. आणि ते न केल्यास? त्याबद्दल कायद्यात एक अक्षर नाही. दंड नाही, कैद नाही, फौजदारी गुन्हा नाही. आता कुणी म्हणेल, लिहायचं राहून गेलं असेल. तर तसंही नाही. याच कायद्यात जिथे शिक्षा करायची होती तिथे ती आकड्यांनिशी लिहिली आहे. कॅपिटेशन फी घेणाऱ्या शाळेला घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड. प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला १० हजार. तो सुप्रसिद्ध ‘एक लाख’ हा इथला, कलम १८ मधला आहे. शाळा चालवणाऱ्यासाठी लिहिलेला दंड लोकांनी परस्पर आईबापांच्या नावावर चढवला.

पालकांना दंड करणारी सक्ती कशी असते, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळात रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. २००९च्या कायद्याने हा रस्ता घेतला नाही, आणि ते शहाणपणाचंच झालं. आपल्याकडे मूल शाळेबाहेर राहतं ते मुख्यतः ऊसतोडीच्या टोळीत, वीटभट्टीवर, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत. अशा मुलाच्या बापाकडून दंड वसूल करून मूल शाळेत येत नाही, बापाचं कर्ज तेवढं वाढतं.

तुरुंगाची ही दहशत बहुधा परदेशातल्या बातम्यांतून आली असावी. जर्मनीत मूल शाळेत जाणं खरोखरच बंधनकारक आहे. घरी शिकवू पाहणाऱ्या पालकांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत धाव घेतली, तिथेही २००६ आणि २०१९ मध्ये निकाल जर्मनीच्याच बाजूने लागले. नोकरीसाठी म्युनिकला किंवा स्टुटगार्टला जाणाऱ्या मराठी कुटुंबाने हे लक्षात ठेवावं. पण तो कायदा नाशिकला लागू नाही. याउलट इंग्लंडच्या १९९६च्या शिक्षण कायद्यात शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण देण्याची मुभा आहे, आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग चालतं. नियम मात्र राज्यागणिक बदलतात.

इथवर वाचून होमस्कूलिंगवाले खूश झाले असतील, तर त्यांच्याकडेही वळायला हवं. कारण दुसरा गैरसमज त्यांच्या बाजूचा आहे : ‘सरकारने परवानगी दिलेली आहे.’ पुरावा म्हणून २०१२चं एक प्रतिज्ञापत्र पुढे केलं जातं. दिल्ली उच्च न्यायालयात एका मुलीने केलेल्या याचिकेत केंद्र सरकारने तेव्हा म्हटलं होतं, की स्वेच्छेने होमस्कूलिंग निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. ठीक. पण प्रतिज्ञापत्र ही एका पक्षकाराने मांडलेली बाजू असते. तो निकाल नव्हे, आणि कायद्यातली दुरुस्ती तर नव्हेच. संसदेला घरच्या शिक्षणाची तरतूद करायची असती तर ती करता येत होती. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत तिने ती केलीसुद्धा, पण फक्त बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. बाकीच्यांबद्दल कायदा गप्प आहे आणि कलम १० जागच्या जागी आहे.

म्हणजे खरी परिस्थिती अशी : घरी शिकवणं हा गुन्हा नाही, पण कायद्याने लिहून दिलेला हक्कही नाही. लोकांना हे उत्तर आवडत नाही, कारण त्यांना हो किंवा नाही हवं असतं. त्याला माझा इलाज नाही.

या मधल्या जागेत राहण्याचे परिणाम मात्र समजून घ्यावेत. दारात पोलीस येणार नाहीत, पण शिक्षक येऊ शकतात. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण राज्यात वेळोवेळी होतं. ४ जुलै २०१५ रोजी तर ते एकाच दिवशी सगळीकडे झालं. ६ ते १४ वयाचं मूल कोणत्याच शाळेच्या पटावर नसेल, तर त्या हिशेबात ते शाळाबाह्यच धरलं जातं. मग ते घरी बसून बीजगणित करत असो की बकऱ्या राखत असो. आलेल्या बाईंवर डाफरू नये. मूल कामाला जुंपलंय का, मुलीचं लग्न उरकायचं चाललंय का, हे पाहणं त्यांचं कामच आहे. मुलाच्या वह्या दाखवाव्यात, पुढे कोणत्या परीक्षेला बसवणार ते सांगावं, चहा द्यावा.

आणि तो एक लाखाचा दंड होमस्कूलिंगवाल्यांच्या अंगावर खरोखर येऊ शकतो, तो वेगळ्याच वाटेने. सात-आठ कुटुंबं एकत्र येतात, एक फ्लॅट भाड्याने घेतात, दोन शिक्षक नेमतात, फी ठरवतात आणि दारावर ‘लर्निंग सेंटर’ अशी पाटी लावतात. रोज सकाळी नऊ ते एक तिथे मुलं येतात. हे घरचं शिक्षण राहिलं का? विनापरवाना शाळा काढली असा अर्थ शिक्षणाधिकाऱ्यांनी लावला, तर तो अगदीच ओढूनताणून लावला असं म्हणता येणार नाही. आठवड्यातून एकदा मुलांनी एकत्र खेळणं वेगळं आणि रोजची घंटा वाजवणं वेगळं.

मुख्य गैरसमज संपला. उरलेले लवकर उरकू.

‘दहावी कशी देणार? शाळेशिवाय बसूच देत नाहीत.’ देतात. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासून हेच काम करते. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीसाठी नाव नोंदवता येतं. आठवीचा दाखला नसेल, तर या अभ्यासक्रमाइतकी आपली तयारी आहे असं स्वतःच लिहून दिलं तरी चालतं. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि दहावीसाठी मराठी माध्यमही आहे. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत असतो, पण तो मुळात शाळा सोडलेल्यांसाठी आहे आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाने तिथे डोकं आपटण्यापेक्षा मुक्त विद्यालयाकडे जावं. पाचवी आणि आठवीच्या पातळीचं प्रमाणपत्र हवं असेल, तर २०१७ मध्ये स्थापन झालेलं राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे.

‘मुक्त विद्यालयातून बारावी केली तर डॉक्टर होता येत नाही.’ २०१८च्या सुरुवातीला भारतीय वैद्यक परिषदेने अशा विद्यार्थ्यांना ‘नीट’ची दारं बंद केली होती, म्हणून हे पसरलं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ती बंदी रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा वाद विद्यार्थ्यांच्या बाजूने मिटला. अर्धी बातमी वाचून सल्ले देणाऱ्यांनी उरलेली अर्धीही वाचावी.

‘मार्कशीट लागतच नाही, हुशारी पुरते.’ हा उत्साही मंडळींचा आवडता गैरसमज. दहावी-बारावी न केलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला, हे खरं आहे. तिच्या नावावर आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं होती, हे सांगायचं राहून जातं. आणि आयआयटीचं दार बारावीअभावी तिलाही बंदच होतं, हे तर कुणीच सांगत नाही. तुमच्या मुलाकडे अशी पदकं नसतील तर परीक्षेची तयारी ठेवा.

‘एकदा शाळेतून काढलं की परत घेत नाहीत.’ कलम ४ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षणही. जन्मदाखला नाही किंवा वर्षाच्या मध्येच आलात, या कारणावरून नाकारता येत नाही. खाजगी शाळा जागा नाहीत म्हणून हात वर करेल, जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेला तसं करता येणार नाही. हे छत्र मात्र आठवीपर्यंतच. नववीत घुसायचं असेल तर ज्याची त्याची लढाई.

‘आईवडिलांना डीएड-बीएड लागतं.’ शिक्षकाच्या पात्रतेची अट शाळेतल्या शिक्षकांना आहे, आईला नाही.

‘ऑनलाइन शाळा म्हणजेच होमस्कूलिंग.’ नाही. वेळापत्रक, गृहपाठ, हजेरी सगळं दुसऱ्याचं आणि खुर्ची फक्त घरची, ही शाळाच. आणि कुठल्याशा शाळेत नाव घालून मूल दिवसभर कोचिंग क्लासला पाठवणं, ती डमी ॲडमिशनची बनवाबनवी. तिला शिक्षणाचा प्रयोग म्हणू नये.

‘मूल एकलकोंडं होतं.’ घरात कोंडलं तर होईलच. शाळेतही ते चाळीस समवयस्कांत बसून ‘बोलू नका’ हेच दिवसभर ऐकत असतं. वाडी, मैदान, वाचनालय, तबल्याचा क्लास आणि दहा-वीस नातेवाईक असतील, तर माणसं कमी पडत नाहीत. शहरात चौथ्या मजल्यावरच्या एकुलत्या मुलासाठी मात्र ती मुद्दाम जमवावी लागतात, आणि ते काम आईबापांचं.

‘संशोधनाने सिद्ध झालंय की ही मुलं पुढे असतात.’ यासाठी १९९९चा लॉरेन्स रुडनर यांचा अमेरिकेतला अभ्यास हमखास सांगितला जातो. त्यात २० हजारांहून अधिक मुलं होती, पण ती एका विशिष्ट चाचणीला आपणहून बसलेल्या कुटुंबांतली. या आकड्यांवरून शाळेशी तुलना करू नये, हे खुद्द रुडनर यांनीच बजावलं होतं. तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं फॉरवर्ड होतं.

‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ आणि ‘ही तर आपली परंपरा’, हे दोन्ही एकदम ऐकू येतं. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. आणि लक्ष्मीबाईंना शिकवलं होतं त्यांच्या पतीने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा विरोध पत्करून. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ म्हटलं ते या घरच्या शिक्षणाच्या जोरावर. तेव्हा खूळ परदेशी नाही. पण परंपराही म्हणवत नाही, कारण असं घर लाखांत एखादं होतं. बाकीच्या घरांनी आपल्या मुलींना अक्षरओळखही होऊ दिली नाही, म्हणून तर १८४८ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांना शाळा काढावी लागली. कायदा आजही प्रत्येक मुलाला शाळेच्या पटावर पाहू इच्छितो, त्यामागे हाच इतिहास आहे. त्याला तुमच्या हुशार मुलाची चिंता नाही. ज्या घरात कुणीच शिकवणार नाही तिथल्या मुलीची आहे.

म्हणून कुणी घरी शिकवतो म्हणालं, तर त्याला कायद्याची भीती घालण्यापेक्षा कामाचे प्रश्न विचारावेत. रोज मुलाबरोबर बसणार कोण? बहुतेक घरांत नोकरी सोडते ती आई. ते तिने स्वतः ठरवलंय, की तिच्यासाठी ठरवलं गेलंय? एका पगारात भागेल? चौदाव्या वर्षी कोणती परीक्षा, आणि तिचे विषय कोणते? मूल दहाव्या वर्षी म्हणालं, मला शाळेत जायचंय, तर ऐकणार का? यांची उत्तरं तयार असतील तर जरूर शिकवा. नसतील, तर घराजवळची जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची शाळा बघा. प्रवेश द्यायला ती आजही बांधील आहे.