बुरशीला औषधाची सवय लागत नाही!

तासगाव-मिरज पट्ट्यातली द्राक्षबागायतदारांची पोरं उत्क्रांती रोज डोळ्यांनी बघतात, पण वर्गात तीच चुकीची सांगतात.

“केवड्याला औषधाची सवय झाली, म्हणून ते लागू पडेना.” द्राक्षावरच्या केवडा या रोगाबद्दल घरी सगळेच असं बोलतात. पण सवय कुणालाच लागलेली नसते. पानामागच्या त्या पांढऱ्या थरात अगणित बीजाणू असतात, आणि त्यांतल्या मोजक्यांच्या जनुकांत योगायोगाने असा बदल झालेला असतो की औषध त्यांना बाधत नाही. फवारणीने बाकीचे मरतात, हे उरतात आणि यांचंच बियाणं पुढे वाढतं. एकेक बुरशी बदलत नाही. बदलते ती पिढ्यांमागून पिढ्या अख्खी वसाहत. फवारणीत वेगवेगळ्या गटांची औषधं आलटून पालटून वापरायला सांगतात ती यासाठीच.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. तो शिकवताना केवडा पडलेलं एक पान बागेतून आणाच!

वर्गातला दुसरा नेहमीचा गोंधळ: “माणूस माकडापासून झाला, तर आताची माकडं माणूस का होत नाहीत?” अहो, ती आपले आजोबा नाहीत, भावकी आहे. मूळ पुरुष एक, वाटण्या होऊन कोट्यवधी वर्षं लोटली.

आणि सातारकरांनो, उत्क्रांती बघायची तर पावसाळ्यात कास पठारावर जाल तेव्हा डबक्यातली वायतुरा ही पाणवनस्पती बघा. इंग्रजी ‘वाय’सारखा दुभंगलेला तुरा. पश्चिम घाटातल्या खडकाळ सड्यांवरचीच ही जात, शास्त्रीय नावातही ‘सातारेन्सिस’ आहे. चार महिने पाणी, बाकी तापलेला कातळ. जमिनीखालचा कंद जगवता आला म्हणून वायतुरा तिथं टिकला.