शाळेचा हंगाम संपल्यावर सुरू होणारे ‘एएयू बास्केटबॉल’ म्हणजे काय?

अमेरिकेत शाळांचा बास्केटबॉल हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो. एप्रिल लागला की तीच मुले क्लबच्या जर्सीत दिसू लागतात आणि जुलै संपेपर्यंत कित्येक शनिवार-रविवार परगावच्या स्पर्धांमध्ये घालवतात. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळणार की नाही, हे अनेकदा शाळेच्या नव्हे तर या सामन्यांवर ठरते. या सगळ्याला सरसकट ‘एएयू’ म्हटले जाते.

नाव मात्र थोडे फसवे आहे. अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन ही १८८८ मध्ये स्थापन झालेली हौशी खेळाडूंची संघटना. पण आज सर्वाधिक चर्चेत असणाऱ्या स्पर्धा बूट कंपन्यांच्या आहेत. नायकीची ‘ईवायबीएल’ २०१० मध्ये सुरू झाली. आदिदास आणि अंडर आर्मर यांच्याही स्वतंत्र मालिका आहेत.

शाळेचे सामने का पुरत नाहीत?

कारण साधे आहे. शाळेचा हंगाम चालू असतो तेव्हा कॉलेजचाही असतो, त्यामुळे प्रशिक्षकांना गावोगाव फिरायला वेळ नसतो. शिवाय शाळेच्या संघासमोर बहुधा आसपासच्याच शाळा असतात. तिथे ३० गुण काढणारा मुलगा खरोखर किती चांगला, हे कळणे अवघड. क्लबमध्ये वेगवेगळ्या राज्यांतली निवडक मुले १५, १६ किंवा १७ वर्षांखालील गटात समोरासमोर येतात. साउथ कॅरोलिनातील नॉर्थ ऑगस्टा येथे जुलैमध्ये होणाऱ्या ‘पीच जॅम’मध्ये देशभरातले कॉलेज प्रशिक्षक मैदानाकडेला बसलेले असतात. प्रशिक्षकांनी केव्हा पाहायला यायचे, हे कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए ठरवते.

पैसे कोण देते?

खरी दरी इथे आहे. कंपनीच्या मोजक्या संघांतील मुलांचे बूट, प्रवास, निवास यांचा बराचसा भार प्रायोजक उचलतो. बाकी हजारो संघांत पालक खिशात हात घालतात: क्लबची फी, विमान, हॉटेल, शिवाय स्वतःच्याच मुलाचा सामना पाहायला तिकीट! काही स्पर्धांत तर आयोजक सांगतील त्याच हॉटेलात उतरावे लागते. एनसीएएच्याच आकडेवारीनुसार शालेय खेळाडूंपैकी सुमारे १ टक्का मुले सर्वोच्च ‘डिव्हिजन वन’ पातळीवर पोहोचतात. ‘तुमच्या मुलाला एक्स्पोजर मिळेल’ असे सांगणाऱ्या क्लबला, गेल्या वर्षी कोणत्या कॉलेजचे प्रशिक्षक तुमचे सामने पाहायला आले होते, हे पालकांनी जरूर विचारावे.

कंपन्यांचा स्वार्थही उघड आहे: उद्याचा तारा आजच आपल्या बुटांत हवा. २०१७ मध्ये एफबीआयने उघड केलेल्या प्रकरणात, खेळाडूंनी आदिदासशी करार असलेल्या कॉलेजांत जावे म्हणून त्यांच्या कुटुंबांना गुपचूप पैसे देण्याचे बेत समोर आले. कंपनीच्या एका अधिकाऱ्यासह तिघे २०१८ मध्ये दोषी ठरले.

खेळाच्या दर्जाबद्दलही तक्रारी आहेत. एका दिवसात दोन-तीन सामने आणि सरावाला वेळ कमी, त्यामुळे मूलभूत कौशल्ये कच्ची राहतात, असे टीकाकार म्हणतात. २०१५ मध्ये कोबी ब्रायंटने या व्यवस्थेवर जाहीर तोफ डागली होती. युरोपातली मुले अधिक कुशल आहेत, असे त्याचे म्हणणे. दुसरीकडे, लेब्रॉन जेम्सची शाळकरी वयातली घडण अ‍ॅक्रनमधल्या अशाच संघात झाली.

आता एक नवी अडचण आहे. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येते. त्यामुळे अनेक प्रशिक्षक १८ वर्षांच्या नवख्याऐवजी २१-२२ वर्षांचा तयार खेळाडू घेणे पसंत करतात. जुलैच्या स्पर्धा मात्र पूर्वीइतक्याच भरतात.