भुतांचं दप्तर

मेलेला माणूस रात्री घरी परत आला तर बायकोकडे काय मागेल? सर्बियातल्या किसिल्येवो गावच्या पीटर प्लोगोयोवित्झने वहाणा मागितल्या. ओपांकी म्हणतात त्यांना, तिकडच्या शेतकऱ्यांच्या कातडी वहाणा. साल १७२५. पीटरला पुरून बरेच दिवस झाले होते. बायकोने वहाणा दिल्या की नाही ठाऊक नाही, पण तिने गाव सोडलं एवढं नक्की. गावात आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. दुखणं जेमतेम दिवसभराचं, आणि मरताना सगळ्यांची तक्रार एकच : पीटर झोपेत येऊन उरावर बसला, गळा दाबला.

हे आपल्याला कळलं ते कुणा शाहिरामुळे किंवा आजीमुळे नव्हे, तर फ्रोमबाल्ड नावाच्या अंमलदारामुळे. १७१८ च्या तहाने हा मुलूख तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला होता आणि नवं सरकार प्रत्येक गोष्टीचा अहवाल मागत होतं. गावकऱ्यांनी कबर उकरायची परवानगी मागितली. फ्रोमबाल्ड म्हणाला, आधी बेलग्रेडला कळवू. गावकरी म्हणाले, तुमचं उत्तर येईपर्यंत गावात कुणी उरायचं नाही, मग आम्हीच गाव सोडून जातो. नाइलाजाने तो पाद्र्याला घेऊन कबरीपाशी गेला. प्रेताला दुर्गंधी नव्हती, जुनी कातडी सुटून खाली नवी दिसत होती, नखं नवी होती आणि तोंडाला ताजं रक्त होतं. गावकऱ्यांनी काळजात खुंटी ठोकली आणि प्रेत जाळलं. फ्रोमबाल्डने हे सगळं लिहून शेवटी जोडलं की यात काही चूक झाली असेल तर दोष माझा नव्हे, भीतीने वेड्या झालेल्या जमावाचा. कुठल्याही कचेरीत वर्षभर काढलेल्या माणसाला ही ओळ ओळखीची वाटेल. व्हिएन्नाच्या वर्तमानपत्राने त्याच वर्षी २१ जुलैला हा अहवाल छापला आणि युरोपभर व्हॅम्पायरचा बोलबाला झाला. ड्रॅक्युला यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

भुतांवर लिहायचं म्हटलं की दंतकथांची पोतडी उघडायची आणि देशोदेशीचे नमुने मांडायचे, अशी रीत आहे. मला त्यापेक्षा भुतांचं दप्तर जास्त मोलाचं वाटतं. मांत्रिक, न्यायाधीश, लष्करी डॉक्टर, कलेक्टर, शाळामास्तर यांनी कामाचा भाग म्हणून भुतांविषयी जे लिहून ठेवलं ते. घाबरवण्याचा त्यांचा हेतू नव्हता, म्हणून त्यात माणसं स्वच्छ दिसतात.

सगळ्यात जुना कागद मातीचा आहे. ब्रिटिश म्युझियममधली एक बाबिलोनी मृत्तिकापट्टिका, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. क्यूनिफॉर्म लिपीचे जाणकार अर्विंग फिंकेल यांनी २०२१ साली तिच्यावरचं भुताचं चित्र लोकांसमोर आणलं. नुसत्या डोळ्यांना ते जेमतेम दिसतं, वरून तिरका प्रकाश टाकला की रेघा उठतात : दाढीवाला हडकुळा पुरुष, हात बांधलेले, आणि दोरी धरून त्याला पुढे नेणारी एक बाई. चित्राबरोबरचा मजकूर मांत्रिकासाठी आहे. पुरुषाची आणि बाईची मूर्ती करा, बिअरची भांडी ठेवा, सूर्योदयाला मंत्र म्हणा. म्हणजे भुताला हाकलायचं नाही, तर जोडीदार देऊन मार्गी लावायचं. शेवटची सूचना अशी की मागे वळून पाहू नका. आपल्याकडे तिन्हीसांजेला उतारा टाकून येणाऱ्याला आजही हीच ताकीद मिळते. रोममध्येही मे महिन्यातल्या लेमुरियाच्या रात्री घरचा कर्ता अनवाणी उठायचा आणि भुतांसाठी काळ्या घेवड्याचे दाणे टाकत चालायचा. तोही मागे न बघता. हे एकाने दुसऱ्याकडून उचललं असेल असं मी म्हणणार नाही. देणं देऊन टाकलं की घेणाऱ्याकडे टक लावून बघू नये, एवढा संकोच कुठल्याही माणसाला सुचण्यासारखा आहे.

हे देणं नेमकं कसलं, ते गिल्गमेशच्या महाकाव्याच्या बाराव्या पट्टिकेत आहे. गिल्गमेशचा मित्र एन्किदू पाताळातला हालहवाल सांगतो. ज्याला एकच मुलगा तो तिथे रडत बसलाय, सात मुलांचा बाप देवांच्या पंगतीला आहे, आणि ज्याला मागे कुणी वाली नाही तो भांड्यांची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो. मेसोपोटेमियात मेलेल्यांना नाव घेऊन अन्नपाणी देण्याचा विधी होता, त्याला किस्पू म्हणत. सर्वपित्री अमावस्येला कावळ्याची वाट बघणाऱ्यांना यात परकं वाटण्यासारखं काही नाही. चीनमध्ये वर्षाच्या सातव्या महिन्यात बेवारस भुतांसाठी रस्त्यावर जेवण मांडतात आणि खास छापलेल्या खोट्या नोटा जाळतात, हिशेब रोखीचा.

दप्तरातला मला सगळ्यात आवडणारा कागद आइसलँडचा आहे. एर्बिग्या सागा तेराव्या शतकात लिहिली गेली, गोष्ट इसवी सन १००० च्या आसपासची. फ्रोदा नावाच्या शेतघरात हेब्रिडीज बेटांवरून आलेली थोरगुन्ना नावाची बाई वारली. मरताना तिने बजावलं होतं की माझी उंची गादी-पलंगपोस जाळून टाका. घरधनिणीचा त्या कापडावर डोळा होता, ते जाळलं गेलं नाही. मग मरणांची रांग लागली. घरधनी थोरोद माणसांसह मासे आणायला गेला आणि बुडाला. त्याच्या श्राद्धाच्या जेवणाला तो आणि त्याची माणसं ओलेचिंब अवस्थेत आली आणि चुलीपाशी बसली. लोकांना आधी बरंच वाटलं, समुद्रदेवतेने त्यांचं स्वागत केलं असं समजून. पण ती माणसं रोजच यायला लागली. दुसऱ्या बाजूने जमिनीत पुरलेले मृत येत, अंगावरची माती झटकत. जिवंतांना आपल्याच घरात दुसऱ्या खोलीत चूल पेटवावी लागली.

उपाय सुचवला स्नोरी या पुढाऱ्याने. आधी ते कापड जाळा, मग भुतांवर खटला भरा. घराच्या दारातच न्यायसभा बसली. प्रत्येक भुताच्या नावाने समन्स निघालं. आरोप असा : परवानगीवाचून घरात वावरणं आणि लोकांचं आयुष्य व आरोग्य हिरावणं. साक्षी झाल्या, पंच बसले, निकाल झाला. ज्याच्यावर निकाल लागे तो उठे, जमेल तितका वेळ बसलो अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटे आणि दाराबाहेर जाई. पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलं ते त्यानंतर. ज्या देशात राजा नव्हता, पोलीस नव्हते, फक्त कायदा आणि सभा होती, तिथल्या भुतांनीही कायदा मानला. मला यात विनोद दिसत नाही. गावाने मेलेल्यांना पक्षकार मानलं, म्हणून ते गेले.

सर्बियात परतू. १७३१-३२ च्या हिवाळ्यात मेद्वेजा गावी पुन्हा तोच प्रकार झाला. या खेपेला सरकारने लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्युकिंगर याला पाठवलं. त्याने कबरी उघडल्या आणि एकेका प्रेताचं वय, पुरल्याला झालेले दिवस, छातीतलं रक्त, नखं, त्वचा अशी नोंद केली. अहवाल वाचताना शवविच्छेदनाची नोंद वाचतोय असं वाटतं, फक्त निष्कर्ष व्हॅम्पायरचा. डॉक्टरने जे पाहिलं ते खरंच होतं. कुजताना पोटात वायू साठतो, प्रेत फुगतं, फुप्फुसातला रक्ताळ द्रव तोंडावाटे बाहेर येतो; वरची त्वचा आणि नखं सुटून येतात तेव्हा खालचा थर कोवळा दिसतो. पॉल बार्बर या अभ्यासकाने १९८८ च्या आपल्या पुस्तकात हे जुने अहवाल न्यायवैद्यकाशी ताडून पाहिले आणि गावकऱ्यांची निरीक्षणं अचूक असल्याचं दाखवून दिलं. चुकला तो फक्त अन्वयार्थ. १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेझाने आपले वैद्य गेरार्ड फान स्वीटेन यांच्या सल्ल्याने हुकूम काढला की अशा प्रकरणात सरकारला विचारल्याशिवाय कुणी प्रेताला हात लावायचा नाही.

चीनमध्ये तेरा वर्षांनी याच्या उलट घडलं. १७६८ च्या वसंतात चेच्यांग प्रांतात पुलाचं काम चालू असताना अफवा उठली की गवंडी लोकांची नावं कागदावर लिहून खुंट्यांबरोबर ठोकतात आणि त्या लोकांचे आत्मे चोरतात. (पुलाचा पाया माणूस मागतो ही अफवा आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या पोरांना घाबरवत आली आहे.) पुढे वेणी कापून आत्मा चोरण्याची आवई पसरली. जमावाने भिक्षू आणि भिकाऱ्यांना धरून मारलं. स्थानिक अधिकारी प्रकरण दाबू पाहत होते, पण चियेन्लुंग सम्राटाला त्यात बंडाचा वास आला, कारण वेणी ही मांचू सत्तेच्या मान्यतेची खूण होती. त्याने गुन्हेगार मागितले. छळ झाला, कबुलीजबाब मिळाले, ते एकमेकांशी जुळेनात, आणि वर्षअखेरीस तपास गुंडाळावा लागला. फिलिप कून यांनी १९९० साली राजदप्तरातल्या कागदांवरून ही कहाणी लिहिली. संशय मेलेल्यावर असतो तोवर फार तर एखादी कबर उकरली जाते. तो जिवंताकडे वळला की रक्त सांडतं. भुतांच्या इतिहासात मला हा एकच फरक महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडचं दप्तर कुणी लिहिलं, ही कथाच विलक्षण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ए. एम. टी. जॅक्सन या मुलकी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती जमवायला घेतली होती. गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली गेली. हाच जॅक्सन पुढे नाशिकचा कलेक्टर झाला आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या मागे राहिलेलं साहित्य आर. ई. एन्थोवेन यांनी लावून १९१५ साली कोकणाचा खंड प्रसिद्ध केला. तळटीपांत मास्तरांची नावं नाहीत, फक्त हुद्दा आणि गाव : शाळामास्तर, चौक, कर्जत. भुतांना मात्र नावं आहेत.

त्या नोंदींत भुतांचे दोन गट आहेत, घरचं आणि बाहेरचं. घरचं भूत म्हणजे इच्छा राहून गेलेला नातलग. ते आपल्याच माणसांना धरतं. मग एकेक जात उलगडते. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला ब्राह्मणाचा पोर मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. बाळंतपणात किंवा विटाळात गेलेली बाई हडळ, सवाष्ण गेलेली जखीण, विधवा लावसट. क्रियाकर्म करायला कुणी नसलेला, पैशात जीव अडकलेला समंध. बुडून मेलेला गिऱ्हा. नदी उतरणाऱ्याला खोल पाण्यात ओढतो, पण त्याच्या डोक्याचा केस हाती लागला की चाकरासारखा राबतो. मुसलमानाचा खवीस. ही यादी वाचताना भीती वाटत नाही, खानेसुमारीचा तक्ता वाचल्यासारखं वाटतं. जात, धर्म, लग्न झालं की नाही, कूस उजवली की नाही, एवढं विचारून मगच भुताला कुठल्या खान्यात घालायचं ते ठरतं. बायकांसाठी खाने जास्त, कारण त्यांच्या मरणाच्या वाटाही जास्त होत्या. बाळंतपणात दगावणं किती नित्याचं होतं, हे हडळीला जे मानाचं स्थान मिळालं त्यावरून कळावं.

आणि या सगळ्यांचा राजा वेताळ. गोव्यात आमोणे आणि लोलये इथे त्याची देवळं आहेत. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तो वेतोबा होतो, माणसापेक्षा उंच उभा. त्याला नवस फेडताना केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. किसिल्येवोच्या पीटरला वहाणा मागाव्या लागल्या आणि बायको गाव सोडून गेली. आरवलीने न मागता चपला देऊन भुतांच्या राजालाच गस्तीवर ठेवलं. कोकणी माणसाच्या व्यवहारज्ञानाला दाद द्यावी ती इथे.

पण याच महाराष्ट्रात संशय जिवंतांवरही आला आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली, जीव गेले. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं याविषयी आहे. भूत आहे की नाही यावर कायदा बोलत नाही. अंगात आलंय असं म्हणून माणसाला मारलं तर शिक्षा आहे, एवढंच सांगतो. फान स्वीटेनला हे पटलं असतं. जपानमध्येही इनोऊए एन्र्यो या तत्त्वज्ञाने मेइजी काळात गावोगाव हिंडून योकाई म्हणजे अद्‌भुत प्राण्यांच्या समजुती खोडून काढण्यासाठी तपासल्या. लोक त्याला भूतडॉक्टर म्हणत. टोकियोतलं आजचं तोयो विद्यापीठ त्याच्या १८८७ च्या शाळेतून वाढलं. त्याने जमवलेल्या माहितीवर पुढचे योकाईप्रेमी पोसले गेले, हा त्याच्यावर उगवलेला सूड म्हणावा लागेल.

न्यायालयं अजून भुतांच्या कामात आहेत. १८९७ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात एका आईने मेलेली मुलगी स्वप्नात नव्हे, प्रत्यक्ष येऊन नवऱ्याने मान मोडल्याचं सांगून गेली असा आग्रह धरला. प्रेत उकरलं तर मान मोडलेली निघाली आणि नवऱ्याला जन्मठेप झाली. १९९१ साली न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने घर विकणाऱ्या बाईला फटकारलं, कारण घरात भुतं असल्याचं तिने स्वतःच मासिकांतून गाजवलं होतं आणि खरेदीदाराला मात्र सांगितलं नव्हतं. तिला आता उलटं बोलता येणार नाही, सबब कायद्याच्या नजरेत घर झपाटलेलंच, असा तो निकाल. जपानच्या जमीन मंत्रालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात घरदलालांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. घरात खून किंवा आत्महत्या झाली असेल तर भाडेकरूला साधारण तीन वर्षांपर्यंत सांगायचं, म्हातारपणाने आलेलं मरण सांगायची गरज नाही. विकत घेणाऱ्याच्या बाबतीत तीन वर्षांची मुदत लागू नाही.