दलित स्त्री आणि कंपनीची कचेरी

दारव्ह्याचें नांव निघालें कीं कापूस आठवतो. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी दारव्ह्यावरून धांवूं लागली ती या कापसासाठींच. शेतांत कापूस वेंचावा स्त्रियांनीं, जिनांतील यंत्रांत तो घालावा स्त्रियांनीं, आणि त्यांत दलित स्त्रियांचा भाग मोठा. अशा कुटुंबांतील मुली आज पदवी घेऊन नागपूर-पुण्याच्या कंपन्यांत संगणकापुढें बसतात. श्रम पालटले, परंतु ज्या अडचणी मागील पिढ्यांस गिरणी-कारखान्यांत भेटल्या, त्यांची जातकुळी कचेरींतहि ओळखूं येते.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यांत वेतन चांगलें असे. पण तेथें अस्पृश्यांस मज्जाव होता. धोट्यांतील कांडी बदलतांना सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि त्या ओठांचा विटाळ स्पृश्य विणकरांस नको होता. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न उघडपणें मांडला. इकडे स्त्रियांस बहुधा कांड्या भरण्याच्या व सूत गुंडाळण्याच्या खात्यांतच घेत. म्हणजे दलित पुरुषास जातीनें अडविलें, सवर्ण स्त्रीस स्त्रीपणानें. दलित स्त्रीस दोहोंनीं.

विदर्भांतील स्त्रियांस हें तेव्हांच उमगलें होतें. जुलै १९४२ मध्यें नागपुरास अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानीं होत्या. कामकरी स्त्रियांस रजा मिळावी, इजा झाल्यास भरपाई मिळावी, आणि गिरणींत स्त्रियांवर देखरेख करण्यास स्त्रियाच नेमाव्या, अशा मागण्या तेथें झाल्या. ही शेवटची मागणी किती सोशिलेल्या अनुभवांतून आली असेल, हें सांगावयास नको.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांची हकीकत येथें ताडून पाहण्याजोगी आहे. जनरल मोटर्सच्या सेंट लुईस येथील कारखान्यानें १९६४ पूर्वीं एकहि कृष्णवर्णीय स्त्री घेतली नव्हती. पुढें मंदी आली, आणि शेवटीं आलेल्यांस आधीं काढावयाचें या नियमानें १९७० नंतर लागलेल्या अशा सर्व स्त्रिया घरीं बसल्या. १९७६ च्या निकालांत न्यायालयानें सांगितलें कीं, कारखान्यांत स्त्रिया तर होत्याच (त्या गोऱ्या होत्या ही बाब अलाहिदा!), वर्णभेदाची तक्रार वेगळी चालवावी, दोहोंची मिळून तिसरी करूं नये. किंबर्ले क्रेनशॉ या कायदेपंडित विदुषीनें १९८९ मध्यें या निकालाचें वर्म उघडें केलें.

आपल्याकडे खासगी कंपन्यांस राखीव जागांचें बंधन नाहीं. तेथें पुष्कळदां पहिली परीक्षा आडनांवाची होते. अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनीं सारख्या पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनांवांनीं कंपन्यांस धाडले. २००७ मध्यें छापलेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें दलित आडनांवास बोलावणें येण्याचा संभव उच्चवर्णीय आडनांवाच्या सुमारें दोन-तृतीयांशच ठरला. आंत गेल्यावरहि परीक्षा संपत नाहीं. डबा उघडतांना, वऱ्हाडी बोलीचा सूर निघतांना, ‘कॉलेजांत प्रवेश कोणत्या कोट्यांतून?’ असें कोणी हंसत विचारतांना ती चालूच राहते. अमेरिकेंत हेंच काम केसांकडून करून घेतात. कुरळे केस सरळ करून या असें सांगणें इतकें रूढ होतें कीं, कॅलिफोर्नियास २०१९ मध्यें त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

२०१३ च्या कायद्यानें, दहा किंवा अधिक माणसें असतील त्या कचेरींत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं अंतर्गत समिति सक्तीची केली. अध्यक्ष स्त्री, निदान निम्मे सभासद स्त्रिया. पण वरिष्ठानें अश्लील बोलतांना जातहि काढली, तर एकाच अपमानाचे दोन तुकडे होतात: एक समितीपुढें, दुसरा १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखालीं पोलीस ठाण्यांत. नोकरी टिकवूं पाहणाऱ्या मुलीनें दुसऱ्याचा नाद सोडला तर नवल काय? जिल्ह्याच्या स्थानिक समितींत मात्र अनुसूचित जाति, जमाति, इतर मागास वर्ग वा अल्पसंख्य समाज यांतील निदान एक स्त्री असलीच पाहिजे, असें तोच कायदा सांगतो. दहांहून कमी मजूर असलेल्या ठिकाणीं राबणारी दारव्ह्याची स्त्री त्या समितीकडे जाऊं शकते. पुण्याच्या कंपनींतील तिच्या लेकीस जेथें जावें लागतें, त्या समितीस असा नियम नाहीं.