वालाचे मोड आणि बालकाचा प्रश्न

बिरड्यासाठी भिजविलेल्या वालांना मोड आलेले पाहून तीन-चार वर्षांचे मूल ‘हे कसे झाले?’ असे विचारते, तेव्हा ‘देवाची करणी’ एवढेच सांगून आपण विषय संपवितो. उत्तर खोटे नव्हे. परंतु त्याने मुलाचे पाहणे तेथेच थांबते.

त्याऐवजी आम्ही एक साधा प्रयोग सुचवू इच्छितो. रात्रभर भिजविलेले चार वाल काचेच्या पेल्यात, काच व ओलसर कापूस यांच्यामध्ये, बाहेरून दिसतील असे ठेवावेत. (या वयात वाल नाकात घालण्याचा मोह अनावर असतो, मोठ्यांनी जवळच बसावे.) पाणी साचू देऊ नये, बी कुजते. मूळ कोणत्या दिशेला जाईल, हे आधी मुलालाच सांगू द्यावे आणि अंदाज चुकला तरी लगेच दुरुस्त करू नये. बी उलटे असो वा आडवे, काही दिवसांत मूळ खालीच वळते. मग पेला आडवा करावा. मुळाचे वाढते टोक पुन्हा जमिनीकडे वाकते. ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द इतक्यात नको.

ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून सुमारे आठ वर्षे ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे अशीच चिकाटीने न्याहाळली. आनुवंशिकतेचे नियम त्यातूनच हाती आले.

मार्ककृत शुभवर्तमानातील बीजाचा दाखला (४:२६-२९) मोड दिसतील त्याच दिवशी वाचून दाखवावा. त्यातील शेतकऱ्यालाही बी कसे वाढते हे ठाऊक नसते. मुलांना ते फार आवडते.